कपडे वजा करून

डोमाजी वस्ताद नव्या माणसाला नाव विचारत नसत. मागून येऊन त्याच्या कमरेला मिठी घालत, त्याला वीतभर वर उचलत, डोळे मिटून क्षणभर तसंच धरत आणि खाली ठेवता ठेवता सांगत, "चोपन्न. कपडे वजा करून." मला असं उचललं तेव्हा मी आखाड्याची नुसती चौकशी करायला गेलो होतो. पाय पुन्हा जमिनीला लागले तेव्हा मला घाम फुटला होता. "उद्यापासून ये," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "नाव काय गा तुहं?"

ही सत्तरनंतरच्या नागपुरातली गोष्ट. वस्ताद दिवसा इतवारीच्या मिरची बाजारात मापारी होते. भिवापूरच्या मिरचीची पोती काट्यावर चढवायची, पोत्याचं वजन वजा करायचं आणि उरलेला आकडा साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडायचा, हे त्यांचं काम. त्यांचा आकडा ऐकल्यावर दुसरा काटा शोधायला कोणी जात नसे. शेतकरीही नाही आणि व्यापारीही नाही, आणि हे दोघं एरवी कशावरच एकमत होत नसत. संध्याकाळी आखाड्यात आले की वस्ताद आधी मातीनं हात घासत, मग तेल चोळत. एकदा घाईत हे राहून गेलं आणि त्यांनी एका पैलवानाच्या मानेवर पकड घेतली. तो बोंबलत विहिरीकडे पळाला. "भेऊ नोको, डाव नाही हा," वस्ताद मागून ओरडले, "भिवापूर हाये ते!"

आम्ही आखाड्यातली पोरं रविवारी मुद्दाम बाजारात जाऊन त्यांचे आकडे काट्यावर पडताळून पाहत असू. पाव किलोचाही फरक निघत नसे. मी तर आईच्या शपथेइतका त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचो.

मी बी.ए. झालो त्या वर्षी माझं वजन एकसष्ट किलो होतं. विदर्भाच्या संघाची निवड मे महिन्यात व्हायची होती आणि जूनमध्ये मी मास्तर होऊन भंडाऱ्याकडच्या एका गावी रुजू होणार होतो. तिथे ना आखाडा, ना जोडीदार. संघात जायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. माझ्या वजनाला गट लागायचा बासष्टचा, आणि त्या गटात शेषराव होता. पलीकडच्या मोहल्ल्यातला हा गडी स्वभावानं गाय. पण मातीत उतरला की त्याच्यापुढे माझं काही चालत नसे. चार वेळा लढलो होतो आणि चारही वेळा आभाळ बघितलं होतं. खालच्या सत्तावन्नच्या गटात मात्र मला भिण्यासारखा कोणी नव्हता. मी हिशेब केला आणि वस्तादांना सांगितलं, चार किलो उतरवतो.

"काहून?" त्यांनी विचारलं.

"सत्तावन्नमध्ये सोपं आहे वस्ताद."

"सोपं नाही. तिथं शेषराव नाही, असं म्हन. तू वजन नाही उतरवून राहिला गा, तू पळून राहिला." मी ऐकणार नाही हे त्यांना दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच घरून घोंगडी आणली. "पळाचंच हाये तं नीट पळ," म्हणाले.

नागपूरचा मे महिना, अंगावर घोंगडी आणि भर दुपारी टिनाच्या छपराखाली बैठका. ज्यांना हे करून बघायचं असेल त्यांनी खुशाल बघावं. जेवणाला मूठभर फुटाणे आणि पाण्याचे मोजून घोट. मला स्वप्नात भात दिसायचा. रोज संध्याकाळी घरून सदरा-पँट घालून आखाड्यात गेलो की वस्ताद उचलायचे आणि आकडा सांगायचे. साठ. साडेअठ्ठावन्न. अठ्ठावन्न. आणि दर वेळी शेवटी तेच, "कपडे वजा करून."

निवडीच्या दिवशी पहाटे मी आखाड्यात गेलो तेव्हा ओठ फुटले होते. वस्ताद जरा उशिरा आले. तोवर मी कपडे उतरवून लंगोटावर उभा होतो. त्यांनी उचललं, डोळे मिटले. "साडेछप्पन. अर्धा किलो शिल्लक हाये. पे पानी."

ते पाणी मी कसं प्यायलो ते सांगता येणार नाही. तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. नंतर तासाभरानं निवडीच्या काट्यावर उभा राहिलो. पंचांनी आकडा वाचला: सत्तावन्न किलो सातशे.

मी वस्तादांकडे बघितलं. ते काट्याकडे बघत होते. अर्ध्या तासाची मुदत होती. मी मैदानाला फेऱ्या मारल्या, थुंकलो, मित्रांनी कुठून तरी कात्री आणून माझे केससुद्धा कापले. केसांना काही वजन नसतं हे मला त्या दिवशी कळलं. सत्तावन्न सहाशे. पंचांनी माझं नाव सत्तावन्नच्या यादीतून काढून बासष्टच्या यादीत घातलं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि सरळ रडलो.

कुस्ती दुपारी चार वाजता होती. वस्ताद मला हाताला धरून घरी घेऊन गेले. "आता बासष्टपावतर रस्ता मोकळा हाये," एवढंच म्हणाले. त्यांच्या बायकोनं, गिरजाबाईंनी, माझ्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं वजन अन् या पोराचे हाल! जेव बापू, लाजू नोको." मी वीस दिवसांचं जेवलो आणि तिथेच पडून झोपलो.

चार वाजता शेषराव समोर आला. पहिल्या डावातच त्यानं मला खाली घेतलं. पण शेवटच्या दोन मिनिटांत मला त्याचा श्वास ऐकू यायला लागला. त्याचे ओठही फुटले होते. नंतर कळलं, गडी वाढून सहासष्टचा झाला होता, आणि वरच्या गटातल्या कोणाला तरी भिऊन घोंगडीत बैठका मारून बासष्टवर आला होता. पोटात भात असलेला मी एकटाच होतो. एका गुणानं मी जिंकलो. पुढे संघातून गेलो आणि बाहेरच्या पहिल्याच कुस्तीत तीन मिनिटांत चीत झालो, पण गेलो.

मास्तर झाल्यावर ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली. माझ्या डोक्यात ती पक्की झाली होती: ज्याचा आकडा कधी चुकला नाही तो त्याच दिवशी कसा चुकेल? वस्तादांनी जाणूनबुजून खोटं वजन सांगितलं, मला पाणी पाजलं, माझं पळणं थांबवलं. पोरं टाळ्या वाजवायची.

बारा वर्षांनी वस्ताद बाजारातून निवृत्त झाले. आखाड्यानं सत्कार ठेवला आणि भाषणाला मला बोलावलं. मी हीच गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडत असतानाच वस्ताद हार गळ्यातून काढत उठले.

"थांब. काय म्हनून राहिला तू? म्या खोटं वजन सांगतलं?" त्यांचा आवाज बाजारातला होता. "तीस वर्सं काट्यावर उभा राहिलो. एक पोतं खोटं तोललं नाही. अन् तू चारचौघात मले खोट्या वजनाचा म्हनतं?"

त्यांनी हार खुर्चीवर ठेवला.

"चुकलो होतो म्या. रोज तू कपड्यावर ये, रोज मी वजा करू. त्या दिवशी तू लंगोटावर होता, तरी हातानं आपलं वजा केलं. काट्यावर पाह्यलं तवा कळलं. तू भात खाऊन राहिला होता अन् मी चुलीमागं बसून रडून राहिलो होतो. इचार हिले." पुढच्या रांगेत गिरजाबाईंनी मान हलवली. "तुले सांगाची हिंमत झाली नाही. तू जिंकला, ते तुहं. चूक माही. ते दोन एका पोत्यात भरू नोको."

मोठेपणा देऊ म्हणून गेलो आणि त्यांच्या आयुष्यभराच्या इमानाला बट्टा लावला. मी माफी मागायला वाकलो, तर साठीच्या त्या माणसानं मला वळवलं, मागून मिठी घातली आणि पोट सुटलेल्या मास्तरला भर सभेत वीतभर वर उचललं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. मग मला खाली ठेवलं.

"ब्याऐंशी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. क्षणभर थांबले, माझ्या सदऱ्याला, पँटीला हात लावून खात्री केली आणि म्हणाले, "कपड्यासकट."