कुंदावहिनींच्या घरची प्रार्थना

हेंद्रेपाड्यात आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरसाट राहायला आले तेव्हा मला आधी कळलं ते त्यांचं वेळापत्रक, मग नावं. सकाळी चहाआधी प्रार्थना. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या मंडळीतली चार-पाच घरं जमून गाणी. शनिवारी घर धुऊन काढायचं, रविवारच्या कपड्यांना इस्त्री करायची आणि रविवारी चूल जेमतेम पेटवायची, कारण तो दिवस चर्चचा. आणि रोज दिवेलागणीला प्रार्थना झाली की त्या वेळी घरात जो कोणी असेल त्याने जेवायला बसायचं. मीठ मागायला गेलेली मी कितीदा तरी तिथे जेवून आले.

कुंदावहिनी जन्मानेच ख्रिस्ती, पण त्यांचं माहेर असं नव्हतं. उल्हासनगरच्या कॅम्पात एका खोलीत त्या वाढल्या. वडील प्यायचे. शिजलं तर खायचं, नाहीतर झोपायचं. लग्न होऊन शिरसाटांच्या घरी आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना हाताला धरून ही सगळी रीत शिकवली.

"खोटं कशाला बोलू, मालिनीताई," एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "मला देव नंतर आवडला. आधी हे आवडलं, की आज बुधवार आहे तर आज काय होणार ते ठाऊक असायचं."

त्यांचे यजमान शांतवन मोरिवलीजवळच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. शांत माणूस. बोलायचे कमी, पण चर्चमध्ये गायला लागले की खिडक्या थरथरायच्या म्हणे. दोन वर्षांपूर्वी दुपारी त्या कारखान्यात स्फोट झाला. आम्ही टीव्हीवर धूर बघत होतो आणि वहिनी फोन लावत होत्या. शांतवनभाऊंना त्यांनी शेवटचं पाहिलं नाही. पेटी बंदच आली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, उघडू नका.

दफन मंगळवारी झालं. बुधवारी दुपारी मी पिठलं-भात घेऊन गेले, तर वहिनी हॉल झाडत होत्या.

"अहो, राहू द्या की!"

"संध्याकाळी मंडळी येणार ना."

"कोणी यायचं नाही आज. सगळ्यांना समजतं."

"मीच फोन केलाय. या म्हटलं."

पाळकसाहेबही आले. त्यांना वाटलं, बाई फार धीराची. त्यांनी तसं म्हटल्यावर वहिनी म्हणाल्या, "धीर नाही, साहेब. मला प्रार्थना करता येत नाहीये. सतरंजी घालता येते, ती घातली."

मंडळी गायली. वहिनी ओठ हलवत होत्या. मी दाराशी बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसारखा चेहरा. पुढे कितीतरी आठवडे तो तसाच राहिला. एकदा मी विचारलं, आत काय होतंय? त्यांनी जरा विचार केला. "दात काढताना सुई देतात ना, गाल आपला राहत नाही. तसं. सगळ्या अंगाला."

त्यांच्या करिष्माला मात्र हे सहन होईना. बारावी झालेली मुलगी, बापाची लाडकी. एका शनिवारी तिचा आवाज भिंतीपलीकडून आमच्या घरात आला.

"पप्पा गेलेत, आई! आणि तू इस्त्री करतेस? एकदा तरी रड ना!"

 

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी जिन्यात एक गृहस्थ उभे दिसले. शिरसाटांचं घर कुठलं म्हणून त्यांनी मला विचारलं, पण मी दार दाखवलं तरी ते बेल दाबेनात. शेवटी मीच दाबली. करिष्माने दार उघडलं आणि त्यांना ओळखून ती पांढरी पडली.

ते हिंदुराव, शांतवनभाऊंचे शिफ्ट इनचार्ज.

"वहिनी," ते दारातूनच बोलायला लागले, "स्फोट झाला त्या दिवशी तो व्हॉल्व्ह बघायला मी जायला हवं होतं. माझं काम होतं. गुडघा दुखत होता, जिना चढवेना, म्हणून शिरसाटला म्हटलं, जरा बघून ये. तो जातो म्हणाला. एवढंच. एवढंच झालं."

"निघा इथून," करिष्मा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"प्रार्थनेची वेळ झालीय," त्या म्हणाल्या. "बसायचं तर बसा, जायचं तर जा. ती थांबत नाही."

हिंदुराव चपला काढून खाली बसले. करिष्मा मला ढकलून आमच्या घरात शिरली आणि तिने दार आपटलं. मी दाराशीच टेकले.

प्रभूने शिकवलेली प्रार्थना वहिनी रोज म्हणायच्या, मलाही ती ऐकून ऐकून पाठ झालेली. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, या ओळीपाशी त्यांचा आवाज थांबला. पंखा फिरत होता. हिंदुरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई उठेल आणि त्यांच्या थोबाडीत मारेल. मारायला हवं, असंही वाटलं. पण त्यांनी ती ओळ म्हटली, पत्ता सांगावा तशी, आणि पुढे गेल्या.

मग त्यांनी ताटं घेतली. हिंदुराव भात नुसता चिवडत होते. वहिनींनी त्यांना आमटी दोनदा वाढली.

ते गेल्यावर मी विचारलं, "माफ केलंत?"

"बोलले. आत नाही पोचलं." त्या ताटं गोळा करत होत्या. "सासूबाई म्हणायच्या, आधी तोंडाने म्हणायचं, मन मागून येतं. येईल की नाही, मला नाही माहीत."

त्या व्हॉल्व्हची तक्रार आधीच दिली होती आणि कोणी दुरुस्त केला नाही, हे हिंदुरावांनी पुढे चौकशीत सांगितलं. त्यामुळे त्यांची नोकरी गेली. हे सांगायला ते आले तेव्हाही वहिनींनी त्यांना जेवायला वाढलं. चांगलं केलंत, वाईट केलंत, काही म्हणाल्या नाहीत. करिष्मा त्या दिवशी आमच्याकडे आली नाही. आतल्या खोलीत बसून राहिली.

या वर्षी ती मिरजेला नर्सिंगला गेली. निघताना वहिनींनी तिची बॅग तपासली, चादर पुन्हा नीट घडी घालून ठेवली.

"रविवारी चर्चला जा."

"बघते."

"बघते नको. मन नसलं तरी जा."

रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती. करिष्मा बॅग उचलून जिना उतरली.

पहिल्याच रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

"गेले होते, आई. मागच्या बाकावर बसले. काही वाटलं नाही."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "जेवलीस का?"