परक्या बाईच्या उशाशी

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. सोळा वर्षांची पोर, पण कळ उठली की पाय पोटाशी घेऊन लहान लेकरासारखी विव्हळते. यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिचे ओठ पांढरे पडले, धाप लागली, म्हणून मी तिला गडचिरोलीला दवाखान्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक वडील बाई भेटायला आल्या. त्यांनी प्रार्थना केली आणि जाता जाता म्हणाल्या, "देव सार्वभौम हाये, बाई. त्याची काही योजना असन. तुहाच विश्वास कुठी कमी पडून राह्यला का, पाह्य."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "लेकराच्या हाडात कळा घालाची योजना? असा देव तुमालेच ठेवा!" त्या गेल्या. रोज गुडघे टेकणारी मी, त्या सकाळी मला प्रभूचं नाव घ्यायचीही चीड आली.

दुपारी डॉक्टर म्हणाले, रक्त लगेच द्यावं लागेल. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. माझं रक्त चालणारं नव्हतं. नवरा माजरीच्या कोळसा खाणीतून निघाला होता, पण त्याचंही चालणारं नव्हतं. नर्सबाईंनी व्हरांड्यात येऊन मोठ्याने विचारलं. भिंतीशी बसलेले पन्नाशीचे एक भाऊ उठले.

"माहं हाये ओ निगेटिव्ह. घ्या."

नर्सबाई घुटमळल्या. त्या भाऊंची बायको सकाळीच त्याच दवाखान्यात वारली होती. ते तिला गावी न्यायला गाडीची वाट पाहत होते. उपाशीपोटी रक्त घेता येत नाही, म्हणून नर्सबाईंनी त्यांच्या हातावर बिस्किटं ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्यांनी ती एकेक करून चावून गिळली. मग मला म्हणाले, "तवरिक माह्या बाईपाशी बसान का? तिले एकटं राहाची सवय नाई."

मी त्या परक्या बाईच्या उशाशी बसले. हातात हिरव्या बांगड्या, नखांत अजून धानाच्या बांधीतला चिखल. आणि माझा राग पुन्हा उसळला. प्रभू, माझी पोर वाचावी आणि हिनं जावं? हिनं तुझं काय वाईट केलं होतं? मी मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडले. पण सोळा वर्षांत पहिल्यांदाच मी दुसऱ्या कुणासाठी त्याच्यापुढे रडत होते. रडता रडता माझा हात त्या बाईच्या कपाळावर गेला आणि तिथेच राहिला.

भाऊ परतले तेव्हा मी हात जोडले. "देवानंच पाठवलं तुमाले."

"आमी बुद्धाचे, बाई. मले कोणी पाठवलं नाई," ते म्हणाले. "मी इथीच होतो."

गाडी आली आणि ते गेले. नाव विचारायचंही राहून गेलं. तपासण्या होऊन संध्याकाळी रक्त चढलं. सकाळी पोरीने डोळे उघडून भात मागितला.

मंडळीतल्या त्या बाईंचं बोलणं मला आजही पटत नाही. कुणाच्या दुखण्यापुढे 'योजना' हा शब्द मी कधी उच्चारणार नाही. पोरीला पुन्हा कळा येणार आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा मी पुन्हा प्रभूवर रागावेन, आणि रागावून झालं की पोर त्याच्याच हाती देईन. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ?