प्रॉसी मॅडमची साक्ष

प्रॉसी नामुली युगांडात, कंपालाच्या वांडेगेया भागातल्या एका सलूनच्या वरच्या खोलीत बसून वेबसाइट विकते. तिला स्वतःला प्रोग्रामिंग ओ की ठो येत नाही. शाळा, लॉज, दवाखान्यांची कामं आणायची आणि कामापुरत्या घेतलेल्या, सुट्ट्या प्रोग्रामरांकडून करून घ्यायची, हा तिचा धंदा. मी तिला चित्रं करून देतो, म्हणजे मीही सुट्टाच.

नवा माणूस घेताना ती एकच विचारते, "तुझा फोन कधी बंद असतो?" सगळे म्हणतात, कधीच नाही. त्यांना ती सोडा पाजून वाटेला लावते. किगोझी नावाचा प्रोग्रामर म्हणाला, "शनिवारी. शनिवारी मी हिल्डाकडे असतो. शिवाय काम बिघडलं की." त्याला तिने लगेच घेतलं.

पुढे त्याने हिल्डाला मागणी घालायचं ठरवलं. तिचे वडील निवृत्त हेडमास्तर. कायम नोकरी नसेल तर मुलगी मिळणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

"मॅडम, कायम आहे एवढंच लिहून द्या," तो प्रॉसीला म्हणाला.

"अरे, कायम तर मीसुद्धा नाही. मला विचारलं तर खरं सांगेन."

"मग येऊच नका!"

मागणीच्या समारंभाला ती हिल्डाच्या घरी आली, नवी कोरी गोमेसी, म्हणजे इथला बायकांचा समारंभाचा पोशाख, नेसून.

आमच्या रिवाजाप्रमाणे नवरा कोण ते मुलीच्या आत्याने ओळखून त्याला आत न्यायचं असतं, म्हणून किगोझी आम्हा पोरांमध्ये आमच्यासारख्याच पांढऱ्या झग्यात दडून बसला होता. बोलायला दोन्हीकडून भाड्याचे वक्ते होते. मुलीकडच्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"मुलगा नोकरीला कुठे? की कॉम्प्युटरवर गाणी ऐकतो?"

आमच्या वक्त्याने घाबरून प्रॉसीकडे बोट दाखवलं.

"माझ्याकडे असतो," ती उठून म्हणाली. "काम असेल तेव्हा. कायम नाही. आणि काम बिघडलं की गायब होतो."

किगोझीने मान खाली घातली. मला तिचा भयंकर राग आला.

अशा वेळी मुलीच्या बापाने बोलायचं नसतं. हेडमास्तर बोलले. "मग काढून का नाही टाकलंत?"

"काढायला फोन लागावा लागतो, सर." कुणी हसलं नाही. "आणि तोवर हा दारात येऊन उभा असतो. माझ्या हातून बिघडलं म्हणतो आणि नीट करून देतो. बाकीचे फोन उचलतात आणि दुसऱ्याचं नाव सांगतात."

"म्हणजे हिल्डाशी भांडण झालं की हा पळणार!"

"पळेल. मग परत येऊन चूक कबूल करेल."

मुलीच्या आईने तर मुळीच बोलायचं नसतं. पण मागच्या चटईवरून आवाज आला, "अहो, तुम्ही इतक्या वर्षांत एकदा तरी चूक कबूल केलीत का?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग आत्याला म्हणाले, "न्या त्याला आत."

आत्या किगोझीला हाताला धरून घेऊन गेली. तेवढ्यात प्रॉसीच्या फोनवर निरोप आला, लॉजची वेबसाइट बंद पडली होती. ती किगोझीनेच केलेली. तिने निरोप मला दाखवला आणि फोन पर्समध्ये टाकला.

"आज शनिवार आहे," ती म्हणाली, आणि जेवायच्या रांगेकडे चालू लागली.