मायच्या शेवग्याचं कलम

मायचं शेवग्याचं झाड मी मारलं. जगवता जगवता मारलं, हे आधीच सांगून देतो.

माय गेल्यावर आमच्या किन्हीराजाच्या आंगणात तिच्या जागी थे झाडच होतं. लहान बहीण शांता शेलूबाजारले देली हाये. तापातून उठली, पण घास जाईना. फोनवर मने, "दादा, मायच्या झाडाच्या पाल्याची भाजी खावावाटून राह्यली रे."

अन् त्याच हप्त्यात वारा सुटला. झाड बुडातून आडवं! फांद्या मात्र हिरव्यागार.

माही बायको इंदू मने, "अव्वो, फांदी मातीत रोवा. सारं गाव तसंच लावते!"

"तुले काय समजते? मी कलम बांधतो!"

मालेगावच्या नर्सरीवाल्या चाचानं बजावलं, "भाऊ, खुंट पाहून निवडजा. वर कितीबी चांगली काडी बांधा, पाल्याचा कस अन् चव खालच्या खुंटावर जाते."

मी पाहूनच निवडला. सगळ्यात जाड! (गोठ्यामागचा जंगली शेवगा. त्याले आमची बकरीबी तोंड लावत नाही.) मायच्या झाडाची एक काडी तासली, खुंट वरून कापून चीर पाडली, खोचली, चिंधीनं आवळली. बाकी फांद्या बंबात घातल्या. पाणी कोमट, धूर गावभर!

महिन्यानं पाला फुटला. आल्यागेल्याले दाखवला, पिशवी भरली अन् शेलूबाजार गाठलं. शांतानं मुंगाची दाळ घालून भाजी केली. पह्यला घास घेतला अन् थांबली.

"दादा, हे मायचं झाड नोय."

"मायची आन! माह्या हातानं बांधलं."

"कडू हाये रे."

"तापानं तुही जीभ कडू झाली!"

जवायानं घास घेतला अन् तोंड धुवाले बाहेर पळाला. मंग मी खाल्ला. डोळ्यात पाणी आलं, मायच्या आठवणीनं नाही!

घरी इंदूनं चिंधी सोडली. मायची काडी वाळून कोळसा! पाला सारा खालून, खुंटाले फुटलेला.

"महिनाभर जंगली झाडालेच पाणी घातलं तुमी."

शांताले फोन केला, खरं सांगतलं. लय हासली. "दादा, हासून हासून भूक लागली. भाकर खाल्ली मी आज." मंग हळूच मने, "पण एक डाव तरी थे भाजी पाह्यजे होती रे."

मायची जिती कलमं आता दोनच राह्यली, शांता अन् मी. शांता तिच्यासारखीच निघाली. माह्यात तं खालचा खुंटच फुटला!