पिंपांची झाकणं उघडा

सुलेखा बिवलकरची चूक दाखवायची कोणाची छाती नव्हती. हॅनोव्हरमधल्या मराठी पोरांनी तिला 'हेडबाई' नाव ठेवलं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वडील मोरोगोरो स्टेशनात रेल्वेचे कारकून, म्हणून ही पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात वाढलेली. मराठी बोले तितकीच फर्डी स्वाहिली. पुण्याला शेतकीची पदवी घेतली आणि धान्यातल्या किडीवर डॉक्टरेट करायला जर्मनीत आली. कीड म्हणजे तरी काय, आपले साधे सोंडकिडे! पण त्यांच्यावर बोलायला लागली की ऐकणाऱ्याचा चहा गार होऊन जाई.

१९६५ साली तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं, आणि तिनं ते दागिन्यासारखं मिरवलं. फ्रँकफर्टच्या एका छोट्या रेडिओ केंद्रावरून पूर्व आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी स्वाहिली कार्यक्रम लागत असे. दर शनिवारी सुलेखा गाडीनं तिथं जाई आणि घरातलं धान्य वर्षभर कसं टिकवावं ते सांगे. सोबतीला हमिसी. हा मोरोगोरोकडचाच, तिकडे माइक घेऊन खेडोपाडी हिंडलेला जुना निवेदक. ऐकणाऱ्यांची पत्रं येत ती 'म्वालिमू सुलेखा' या नावानं. म्वालिमू म्हणजे गुरुजी. परदेशात कुणी आपल्याला गुरुजी म्हणावं, याचा तिला केवढा अभिमान!

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी विषय होता मका. "अंगणात ठेवू नका, तिथंच कीड शिरते," सुलेखानं ठणकावून सांगितलं. "खुडला की लगेच सोला, पत्र्याच्या पिंपात भरा आणि झाकण मेणानं बंद करा. आत हवा नाही, की किडा गुदमरून मेलाच!" काय बोलली होती त्या दिवशी! हमिसीनंसुद्धा मान डोलावली.

पुढच्या बुधवारी ती घरमालकीण बेरेन्सबाईंच्या भावाच्या शेतावर गेली होती. गडी नुकताच कापलेला गहू ट्रॅक्टरवर चढवून निघाला होता. "कुठं नेताय?" तिनं सहज विचारलं.

"सोसायटीच्या ट्रोकनुंगला. गरम हवेत वाळवून आणतो. ओला गहू कोठीत भरायला मी काय वेडा आहे, बाई?"

सुलेखाच्या पायाखालची वाळूच सरकली. तिच्या प्रयोगशाळेत दाणे यायचे ते वाळलेलेच, बरणीत, वर चिठ्ठी लावून. ओला दाणा तिनं चार वर्षांत हातात धरला नव्हता! मका आधी खडखडीत वाळवा, हे सांगायचंच राहिलं होतं. राहिलं कसलं, तिनं तर अंगणात ठेवूच नका म्हटलं होतं. त्या वर्षी तिकडे पाऊस नेहमीपेक्षा जास्त दिवस रेंगाळला होता. ओला मका बंद पिंपात म्हणजे बुरशी, आणि ती पोटात गेली तर विषच. लोकांचं वर्षाचं अन्न होतं ते.

श्रीनाथ तिच्याच संस्थेत शिकायचा. त्यानं समजूत घातली, "अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बैस."

"मूठ नव्हे रे शहाण्या, पिंपं झाकलीत लोकांनी!" ती कडाडली, आणि त्याच दिवशी फ्रँकफर्टला गेली.

केंद्राचे संपादक लिंडनर सज्जन गृहस्थ होते. "हे बघा, फ्रॉयलाइन बिवलकर, पुढच्या वेळी धान्य वाळवण्यावर बोला की. चूक झाली म्हणायची काय गरज? लोकांचा विश्वास उडेल."

"वाळवण्यावर बोलले तर पुढचे वाळवतील. ज्यांनी भरून ठेवलंय, ते पिंप उघडतील का?"

सुलेखालाही भीती वाटत होतीच. एकदा चुकलेल्या गुरुजींचं परत कोण ऐकणार? पण ती हटली नाही, आणि शनिवारपर्यंत थांबायलाही तयार झाली नाही. शेवटी लिंडनरनी गुरुवारच्या बातम्यांआधीची पाच मिनिटं दिली.

तिनं दोन पानी दुरुस्ती लिहून आणली होती. हमिसीनं ती वाचली आणि बाजूला ठेवली. "बाई, गावात एक रेडिओ असतो. बॅटरी वाचवायला लोक पहिलं वाक्य ऐकतात, कामाचं नसलं तर बंद करतात. तुमची माफी दुसऱ्या पानावर आहे."

लाल दिवा लागला. तिच्या हातात कागद नव्हता.

"पिंपांची झाकणं आज उघडा," ती म्हणाली. "मी सुलेखा. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मका ओला असेल तर बाहेर काढा, उन्हात वाळवा, दाताखाली कटकन फुटला की मगच भरा. वास मारत असेल तर खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. चूक माझी आहे, तुमची नाही." हेच तिनं पाच मिनिटांत चार वेळा सांगितलं.

मग तीन आठवडे एकही पत्र नाही. हेडबाईंचं जेवण सुटलं. चौथ्या शनिवारी एक पाकीट आलं, मोरोगोरोजवळच्या खेड्यातून. शाळामास्तरांनी गावाच्या वतीनं लिहिलं होतं. वाचायचं धाडस तिला होईना, म्हणून हमिसीनंच मोठ्यानं वाचलं.

"आमच्या गावात नऊ पिंपं भरली होती. दोन कुजली, ती आम्ही पुरली. सात वाचली. रेडिओ आम्ही इंग्रजांच्या काळापासून ऐकतो. त्यानं खताचं चुकीचं सांगितलं, बियाण्याचं चुकीचं सांगितलं, पण 'मी चुकले' असं त्यातून कधी ऐकलं नव्हतं. आधी वाटलं, रेडिओच बिघडला! म्हातारी माणसं म्हणाली, जी स्वतःची चूक सांगते ती आपल्याशी खोटं बोलणार नाही. आता चवळी निघेल. ती कशी ठेवायची ते सांगा. तुम्ही सांगाल तशीच ठेवू."

दोन पिंपांचा सल सुलेखाला पुढंही राहिला. पण त्या दिवशी ती सगळ्यांदेखत ढसाढसा रडली, आणि इतकी ताठ मान करून रडणारी बाई हमिसीनं आयुष्यात पाहिली नव्हती. लिंडनरनी माइक तिच्याकडे सरकवला.

तिनं तो हातानं दूर सारला, डोळे पुसले आणि हमिसीकडे वळून विचारलं, "आधी मला सांगा, चवळी काढतात तेव्हा तिकडे पाऊस असतो का?"