काविळीचा प्रोग्रॅम

गुजरातेत पांडेसऱ्याजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नोकरीला होतो. माझ्याच वयाचा, माझ्याच पदावरचा एक गुजराती डॉक्टर तिथे होता आणि मी त्याच्यावर जळत होतो. आज हे सरळ लिहितो. तेव्हा मी त्याला तत्त्वाचा विरोध म्हणत असे.

त्याने कॉम्प्युटरवर काविळीचा एक प्रोग्रॅम बसवला होता. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न यायचे: ताप किती दिवस, रक्ताचे आकडे काय, औषधं कोणती, कधी सुरू, कधी बंद. उत्तरं भरली की कावीळ विषाणूची, दारूची की औषधाने लिव्हर दुखावल्याची, ते हा डबा सांगायचा. मोठे डॉक्टर राउंडला आले की आधी डब्याकडे वळायचे. मी इतकी वर्षं पोटं चाचपत होतो, मला कोण विचारतो! घरी बायकोनेही विचारलं, "तो कॉम्प्युटरवाला डॉक्टर तुमच्याकडेच आहे का हो?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका सोमवारी जवळच्याच गोडादऱ्याची एक मुलगी दाखल झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. आई खान्देशातली, मीही तिकडचाच. अहिराणीत चार शब्द बोललो, तशी तिने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, कोनले सांगू नको. आंडेरले टीबीन्या गोया चालू शेत. तिनं लगीन ठरेल शे."

आंडेर म्हणजे मुलगी; तिचं लग्न ठरलेलं, आणि शेजारच्या खाटेवर त्यांच्याच गल्लीतली बाई होती.

टीबीच्या गोळ्या लिव्हर बिघडवू शकतात, हे मला पाठ होतं. पण केसपेपरवर मी लिहिलं, औषधं: नाहीत. बाईला शब्द दिलाय, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला तो डबा तोंडघशी पडलेला बघायचा होता. बुधवारच्या बैठकीत डब्याने विषाणू म्हणावं आणि सगळ्यांदेखत मी उठून गोळ्यांचं नाव घ्यावं, एवढंच डोक्यात होतं. हॉस्पिटलात आल्यावर घरच्या गोळ्या आपोआप बंद होतात, असं मी धरून चाललो. मुलीच्या आईला मात्र गोळ्या बंद करायला सांगितलं नाही.

माझ्या केसपेपरवरून प्रोग्रॅमने विषाणूच म्हटलं. मंगळवारभर मी शीळ घालत हिंडलो.

बुधवारी सकाळी वॉर्डात गेलो, तर मुलगी हाकेला नीट ओ देईना. आई तिला केळं भरवत होती आणि केळ्यात गोळी दाबलेली होती. मी ते हिसकावून घेतलं.

"एक बी दिन चुकाडानं नही, आसं गोया देनारा डागदरनीच सांगेल व्हतं," ती घाबरून म्हणाली. शेजारणीला कळू नये म्हणून केळं.

कधीपासून ते आईला विचारून मी धावत त्या डॉक्टरकडे गेलो आणि सांगितलं: टीबीच्या गोळ्या, पाच आठवड्यांपासून, आज सकाळपर्यंत. त्याने तारखा भरल्या. पडद्यावर सर्वांत वर औषधामुळे झालेली इजा आली.

गोळ्या थांबवल्या. पुढचे आठ दिवस मी देवाचं नाव घेत काढले. मुलगी वाचली.

पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. मला वाटलं, आता डब्याची आरती होणार. पण त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मशीन तो आंधळुं छे. आ भाईए माने बोलती करी, एटले छोकरी बची."

मशीन आंधळं, यानेच आईला बोलतं केलं म्हणून मुलगी वाचली, यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. मी इतके दिवस ज्याच्यासाठी तळमळत होतो ते सगळं मिळालं, तेही त्याच्या हातून. त्याच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला.

गोळ्या कधी सुरू केल्या, कधी थांबवल्या, सगळं त्या प्रोग्रॅमने विचारलं होतं. मला कधी कळलं, हे ना त्याने विचारलं, ना तो बसवणाऱ्या डॉक्टरने. आणि मीही सांगितलं नाही.