मधल्या ताई आणि न घेतलेलं नाव

हॉस्पिटलातली माणसं त्या खोलीला थिएटर म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. तिथंही झगझगीत दिवे असतात, प्रत्येकाचा वेष ठरलेला असतो आणि कोणी कुठं उभं राहायचं हे आधीच पक्कं असतं. फरक एवढाच, की प्रेक्षक बाहेर बसतात, बंद दाराकडे तोंड करून. दार उघडलं की सगळ्यांचे प्राण डोळ्यांत गोळा होतात. सफाईवाला बादली घेऊन बाहेर येतो आणि सगळे पुन्हा बाकावर टेकतात.

या आतल्या-बाहेरच्यांच्या मध्ये ज्या बाई वावरायच्या, त्यांना सगळे मधल्या ताई म्हणत. घरीही त्या तीन बहिणींतल्या मधल्याच, त्यामुळे हे नाव मापानं शिवल्यासारखं बसलं होतं. उंची बेताची, चाल भरभर, आवाज खालच्या पट्टीतला. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी त्या क्षणभर थांबायच्या, केसांवरून हात फिरवायच्या, श्वास घ्यायच्या आणि मगच पुढं यायच्या. एन्ट्री कशी घ्यावी हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. आपल्या चेहऱ्याकडे आता दहा-बारा डोळे लागणार आहेत आणि तोंड उघडायच्या आधीच ते बातमी वाचू पाहणार आहेत, एवढं त्यांना ठाऊक होतं.

ठाऊक असायला कारण होतं. फार वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाच्या मेंदूचं ऑपरेशन इथंच झालं होतं. दिवसभर त्या याच बाकावर बसून होत्या. संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले, "झालं, ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. भाऊ बरा झाला, आजही वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून बहिणीशी भांडतो. पण तो दिवस ताईंच्या घशाखाली उतरला नाही. आठवड्याभरानं त्यांनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सरळ सांगितलं, की तुम्ही आत एकाचं डोकं उघडता आणि बाहेर चौघांची फुटायची वेळ येते; काय चाललंय ते सांगायला एक माणूस ठेवा. डॉक्टर तापट म्हणून प्रसिद्ध. लोक श्वास रोखून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "पगार फारसा नाही. कधीपासून येताय?"

दारावरच्या पाटीवर मेंदू-शस्त्रक्रिया, संशोधन, कुटुंबांना आधार असं बरंच काही लिहिलेलं होतं. पाटी लांबलचक, पण त्यामागची माणसं साडेचार. मोठे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, संशोधनाची बाजू सांभाळणारी एक हुशार मुलगी, जिला ताई लाडानं विदुषी म्हणत, आणि ताई स्वतः. उरलेलं अर्धं म्हणजे हॉलमधलं थंड पाण्याचं यंत्र. ते मनात आलं तरच चालायचं.

त्यांचं संशोधन बोलण्याबद्दल होतं. बोलण्याच्या जागेजवळ गाठ असली, की ऑपरेशनच्या मध्यावर पेशंटला जागं करतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही. विदुषी एकेक चित्र दाखवते, छत्री, किल्ली, मांजर, आणि पेशंट नावं सांगतो. तेवढ्यात डॉक्टर बारीक तारेनं एकेका जागेला विजेचा हलका स्पर्श करतात. बोलणं अडखळलं, तर ती जागा बोलण्याची. तिथं हात लावायचा नाही. माणसांची नावं मेंदूत वस्तूंच्या नावांशेजारीच राहतात की त्यांचं बिऱ्हाड वेगळं असतं, याचा विदुषीला शोध घ्यायचा होता. म्हणून चित्रांत घरच्यांचे फोटोही असत. फोटो गोळा करणं आणि आदल्या दिवशी पेशंटकडून सगळं एकदा वदवून घेणं, हे काम ताईंचं. जे उत्तर आदल्या दिवशी आलं नाही, ते चित्र गठ्ठ्यातून बाद. तालमीत जे जमलं नाही, ते प्रयोगात मागायचं नाही.

एका खेपेचा पेशंट बसस्टँडवर गाड्या पुकारणारा होता. वॉर्डात आल्या दिवशीच तो पुकारेकाका झाला. आवाज असा, की कुजबुजला तरी नर्सबाई वळून बघायच्या. शेकडो गावांची नावं त्याच्या जिभेवर खेळत होती आणि पोट त्याच जिभेवर चालत होतं. गाठ मात्र नेमकी त्या जिभेच्या मुळाशी, मेंदूत. ती पूर्ण निघाली नाही तर पुन्हा वाढणार आणि काढताना हात चुकला तर वाचा जाणार, हे डॉक्टरांनी नवरा-बायकोला न लपवता सांगितलं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की जेवायला तिखट चालेल ना.

आदल्या दिवशीची तालीम छान रंगली. काकांनी छत्रीला छत्री म्हटलं, किल्लीला किल्ली, आणि मांजराकडे बघून, हे आमच्या साहेबांसारखं दिसतं, असंही वर सांगितलं. मग काकूंचा फोटो आला. काकांनी घसा खाकरला. दाराशी पिशवी आवरत असलेल्या काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या, "आले हो, काय हवंय?" काकांना पाणी हवं होतं. पाण्यावरून बोलणं त्या बिघडलेल्या यंत्रावर गेलं, सगळे हसले, आणि हसता हसता ताईंनी काकूंचा फोटो उत्तर आलेल्या गठ्ठ्यावर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी काका मध्यावर जागे झाले. ताई त्यांच्या उशाशी हात धरून बसल्या होत्या. छत्री झाली, मांजर झालं. गाठीचा मोठा भाग निघाला. शेवटचा तुकडा उरला. त्याच्यावरच्या जागेला डॉक्टरांनी तार लावली आणि विदुषीनं फोटो धरला.

काका गप्प.

नियमाप्रमाणे पुन्हा तीच जागा, पुन्हा तोच फोटो. काका नुसते खाकरले. डॉक्टरांनी तार बाजूला घेतली. इथं बोलणं आहे, ते म्हणाले, तुकडा राहू दे.

ताईंच्या हातात काकांचा हात होता आणि त्या हाताला घाम फुटला होता. घाम कोणाचा, ते सांगता आलं नसतं. ते खाकरणं त्यांनी आधी ऐकलं होतं. कालचा तो सगळा हशा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. बोलावं, तर चूक कबूल करावी लागणार होती. पण त्याहून वाईट म्हणजे, आपल्या शब्दावर डॉक्टर पुढं कापतील आणि आपलाच अंदाज फसला तर? गप्प बसावं, तर तुकडा आत राहणार.

"डॉक्टर, थांबा," त्या म्हणाल्या. "हा फोटो काल नीट झालाच नव्हता. मी चुकून घातला. हे बायकोचं नाव घेतच नसावेत."

"खात्री आहे?"

"नाही. विचारून येते."

त्या दिवशी दाराशी थांबायला, केसांवरून हात फिरवायला वेळ नव्हता. ताईंना तशा धावत येताना पाहून काकू उभ्या राहिल्या, चेहऱ्याचा रंग उडालेला. ताईंनी आधी काका ठीक आहेत हे सांगितलं आणि मग विचारलं, ते तुम्हाला हाक कशी मारतात.

काकू लाजल्या. अशा वेळी, अशा जागी, या वयात लाजल्या. "हाक कुठली ताई, खाकरतात. लग्न झाल्यापासून. सासूबाई असताना भीड होती म्हणून, आणि त्या गेल्यावर सवय होती म्हणून. जगाची नावं पुकारतात, माझंच तेवढं तोंडात येत नाही."

मग घरात नावानं हाक मारतात तरी कोणाला? लेकीला, काकू म्हणाल्या, छकुली म्हणून, आणि छकुलीला आता स्वतःची दोन लेकरं आहेत. तिचा फोटो आणायचा राहून गेला होता, पण तो काकूंच्या मोबाइलवर होता. मोबाइल स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून ताई आत गेल्या.

डॉक्टरांनी पुन्हा त्याच जागेला तार लावली.

"छकुली," काका म्हणाले. "जेवली का ती?"

पुन्हा तार, मध्ये किल्ली, मध्ये छत्री, पुन्हा छकुली. शब्द अडखळला नाही. डॉक्टरांनी ताईंकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागले. काकांनी आता बोलत राहायचं, असं ठरलं. काय बोलू, त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच सुरुवात केली, स्टँडवरच्या खणखणीत आवाजात, की प्रवाशांनी लक्ष द्यावं, डॉक्टरसाहेबांची गाडी फलाटावर लागलेली आहे, थोड्याच वेळात सुटेल, खिडकीतून हात बाहेर काढू नये. भूलवाले डॉक्टर मास्कच्या आड हसत होते. तुकडा निघाला.

आणि दुसऱ्या दिवशी काकांची वाचा बंद झाली.

सूज आहे, उतरेल, असं होतं, डॉक्टर म्हणाले. होतं, हे ताईंनाही माहीत होतं. याच बाकांवर बसलेल्या कितीतरी बायकांना त्यांनी स्वतः हेच सांगितलं होतं, याच खालच्या पट्टीत. आता ते वाक्य त्यांनाच पुरेना. आपण तोंड उघडलं नसतं तर तुकडा राहिला असता, पण आवाजही राहिला असता, हे त्यांच्या मनातून जाईना. विदुषीनं समजावलं, की त्या जागेची तपासणी चोख झाली होती. ताई हो म्हणाल्या आणि फोटोंचा गठ्ठा उगाच पुन्हा लावत बसल्या. दिवस जात होते. काका सगळं ऐकत, मान हलवत, ओठ हलवत, आणि आवाज येत नसे.

एका दुपारी ताई आणि काकू पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. यंत्र थेंब थेंब गाळत होतं. काकू सांगत होत्या, की छकुलीच्या धाकट्याला दात येताहेत, रात्रभर कोणाला झोपू देत नाही, आणि तिची सासू म्हणते...

शेजारच्या वॉर्डात कोणीतरी घसा खाकरला.

"आले हो," काकू म्हणाल्या, आणि सासू काय म्हणते ते सांगत सांगतच वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या. ताईंकडे पाहिलं. मग दोघी जवळजवळ धावतच आत गेल्या.

काका उशीला टेकून बसले होते आणि पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवत होते. काकूंनी पेला उचलला. पण तो पुढं केला नाही, छातीशी धरला.

"आधी नाव घ्या," त्या म्हणाल्या. "मग पाणी."

काकांनी बायकोकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर आठ्या चढल्या. आणि मग खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा, पण स्पष्ट शब्द आला.

"नंतर."

काकूंनी पाणी पाजलं. निम्मं उशीवर सांडलं.

ताई तडक डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. इतकी वर्षं त्या आतली बातमी बाहेर नेत आल्या होत्या. बाहेरची आत न्यायची वेळ क्वचितच यायची. त्यांनी सगळं जसं घडलं तसं सांगितलं, खाकरण्यासकट. विदुषीनं पेन उघडलं आणि खऱ्याच अडचणीत पडून विचारलं, की नाव विचारल्यावर पेशंट 'नंतर' म्हणाला, हे उत्तर बरोबर धरायचं की चूक.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ पुसत राहिले.

"नवऱ्याचं उत्तर आहे," ते म्हणाले. "बरोबर धरा."